एक जूनची लेकरं

आमच्या घरात एकाच दिवशी तीन वाढदिवस असतात. अण्णांचा, आईचा आणि धाकट्या काकांचा, एक जून. लहानपणी मला वाटायचं आपलं घरच काहीतरी स्पेशल आहे, मग पहिलीत गेले तर वर्गातल्या निम्म्या पोरांचा एक जून, आणि मोठी झाले तेव्हा कळालं की अर्धा मराठवाडाच एक जूनला जन्मलाय. अण्णा झेडपीचे मास्तर. ते ३१ मे ला रिटायर झाले (एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी रिटायर होतो ना), तर त्या दिवशी त्यांच्या केंद्रातले चार मास्तर एकदम रिटायर, चार निरोप समारंभ आणि फुलवाला एकच, तो बिचारा हार मोटारसायकलला अडकवून या शाळेतून त्या शाळेत पळायलाय. लई हसलो होतो आम्ही तेव्हा.

२०२५च्या उन्हाळ्यात मात्र ह्याच एक जूनपायी माझी झोप उडाली होती, त्याचीच ही गोष्ट. ज्युनियर पोरी इन्स्टावर सारखं विचारायल्यात की ताई ती लेकरांच्या केसेसची फेलोशिप कशी असती, फॉर्म भरू का, पैसे किती देतात, सर्टिफिकेटचा फायदा होतो का. प्रत्येकीला वेगळं टाईप करण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते म्हणलं. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी कोरडी माहिती. आठ आठवडे, मे-जून, लॉच्या पोरापोरींसाठी, एक संस्था चालवते. आमच्या परीक्षा नेहमीसारख्या पुढं ढकलल्या होत्या म्हणून मला जमलं. एक पत्र लिहायचं आणि मग फोनवर मुलाखत. मुलाखतीत खरा प्रश्न एकच विचारला, बाकी सगळं नाव-गाव. "लेकराला पहिल्यांदा भेटलीस तर पहिलं वाक्य काय बोलशील?" मी म्हणलं, "घाबरू नको." पलीकडून बाई म्हणाल्या, "म्हणजे घाबरण्यासारखं काहीतरी आहे हे तूच सांगितलंस की." फोन ठेवला आणि वाटलं गेलं, पण घेतलं मला. स्टायपेंडमध्ये खोलीभाडं, मेस आणि एसटी भागते, मागं काही उरत नाही. सर्टिफिकेटचं म्हणाल तर बार कौन्सिलच्या नियमानं तीन वर्षांच्या कोर्सला एकूण १२ आठवडे इंटर्नशिप लागते पण एका वर्षात सलग चार आठवड्यांच्या वर धरत नाहीत, म्हणजे मी आठ आठवडे राबले आणि कॉलेजनं चारच धरले. भांडून बघितलं, काही उपयोग झाला नाही.

दुसरं म्हणजे मी जिल्हा सांगणार नाही. मराठवाड्यातल्या आठातला एक, एवढंच. बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४, लेकराचं नाव, पत्ता, शाळा, ज्यानं ओळख पटेल असं काहीच छापायचं नाही. आणि आपल्याकडं तर नुसतं गाव आणि गुन्हा सांगितला की पारावरचा तिसरा माणूस आडनाव सांगतो. म्हणून गावाचं नाव नाही, लेकरांची नावं बदलून पण देत नाही, नावंच देत नाही, आणि काही गोष्टी मुद्दाम इकडच्या तिकडं केल्यात, कुठल्या ते विचारू नका.

ट्रेनिंग तीन दिवस संभाजीनगरला होतं. पहिल्याच दिवशी टेबलावर एक पत्र्याचा डबा ठेवलेला, आणि नियम असा की जो कोणी 'आरोपी', 'अटक', 'चार्जशीट' म्हणेल त्यानं डब्यात दहा रुपये टाकायचे. कायद्यातच आहे ते, कलम ३ मध्ये तत्त्वं दिलीत त्यातलं एक, की लेकराच्या बाबतीत असले शब्द वापरायचे नाहीत. आरोपी नाही, विधी संघर्षग्रस्त बालक. हे पहिल्यांदा म्हणताना सगळ्यांची जीभ अडखळली आणि नांदेडचा एक जण म्हणला, मॅडम एवढं म्हणण्यापेक्षा दहा रुपये परवडतात. तीन दिवसांचा चहा त्या डब्यातून निघाला.

तिथंच अमेरिकेतली एक केस शिकवली. मला वाटलं तिकडचं आपल्याला काय करायचंय. जेराल्ड गॉल्ट, अ‍ॅरिझोना, १५ वर्षांचा पोरगा, शेजारच्या बाईला फोनवर घाण बोलला अशी तक्रार. ती बाई कोर्टात आलीच नाही, पोराला वकील नाही, आईबापाला धड लेखी नोटीस नाही, आणि जजनं त्याला २१ वर्षांचा होईपर्यंत सुधारगृहात धाडलं. म्हणजे सहा वर्षं! तेच मोठ्या माणसानं केलं असतं तर ५ ते ५० डॉलर दंड नाहीतर लई तर लई दोन महिने. लेकराच्या भल्यासाठी म्हणून सहा वर्षं. शेवटी १९६७ला तिथल्या सुप्रीम कोर्टानं सांगितलं की लेकराला पण वकील पाहिजेच. आपल्याकडं विधी सेवा प्राधिकरण कायदा आहे १९८७चा, त्याच्या कलम १२ नुसार लेकराला फुकट वकील मिळतो, बापाचं उत्पन्न कितीही असो. कागदावर आपण लई पुढं आहोत.

पहिला आठवडा बाल कल्याण समितीत (ज्या लेकरांना सांभाळायची, वाचवायची गरज असते त्यांचं बघणारी समिती) गेला. तिथली एक पोरगी सांगते. अक्षय तृतीयेला, म्हणजे ३० एप्रिलला तिचं लग्न लागणार होतं, कुणीतरी १०९८ला (लेकरांच्या मदतीचा नंबर) फोन केला, ग्रामसेवक (बालविवाह थांबवायचा अधिकार गावात त्यांनाच असतो) आणि पोलीस हळदीच्या दिवशीच पोचले आणि पोरगी बालगृहात आली. वय सोळा. आपल्याकडं ह्यात नवल काहीच नाही, २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या राज्यात २१.९ टक्के होत्या, बीडला ४३.७ आणि माझ्या परभणीला ४८. जवळपास निम्म्या. माझ्या वर्गातल्या कोण कोण, मी मनात नावं घेत होते.

तर ही पोरगी एकच वाक्य धरून बसलेली, मला घरी जायचंय. सगळ्यांना वाटत होतं नको, घरी गेली की परत मांडव घालतील. मला पण तसंच वाटत होतं, आणि मला टिपण लिहायला सांगितलं तर मी ऐटीत लिहिलं, "बालिकेस बालगृहातच ठेवणे तिच्या हिताचे राहील." मॅडमनी (ज्यांच्या हाताखाली मला टाकलं होतं त्या विधी सेवेच्या पॅनलवरच्या वकील) ते वाचलं आणि पेन्सिलनं आडवी रेघ मारली. "हे तुझं मत झालं. तिचं कुठंय ह्यात?"

"पण मॅडम, घरी गेली तर..."

"ते समिती बघेल, त्यांचं ते काम आहे. तू तिची वकील आहेस का मावशी?"

१३ मे ला दहावीचा निकाल. दुपारी एकला लागणार, आणि बालगृहात लेकरांजवळ मोबाईल चालत नाही, तर मी माझ्या मोबाईलवर बघते म्हणलं, अधीक्षक बाईंनी परवानगी दिली. सीट नंबर तिला पाठ होता. नंबर टाकला की खाली आईचं नाव विचारतात तुम्हाला माहितीये, ते टाकायच्या वेळेला तिनं माझ्या हातातून मोबाईल घेतला आणि आईचं नाव स्वतः टाईप केलं, एका बोटानं, हळूहळू. ६८ टक्के. हसली पण नाही, लगेच म्हणली, "आता सांगा त्यांला मला घरी कामून जायचंय ते. अकरावीचा फॉर्म भरायचाय. जातीचा दाखला, रेशनकार्ड समदं आईच्या पेटीत हाय आन् आईला वाचता येत नाही, ती दुसराच कागद देईल."

दोन आठवडे झाले होते. 'का' हे कुणी विचारलंच नव्हतं, मी तर नाहीच नाही. समितीनं पुढं तिला आईच्या ताब्यात दिलं, लेखी हमी घेऊन, दर महिन्याला कुणीतरी घरी जाऊन बघायचं ह्या अटीवर. त्या वर्षी अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच अख्ख्या राज्यात ऑनलाईन होते, साइट पहिल्या दिवशीच बसली, तिचा फॉर्म आम्ही रात्री साडेअकराला भरला. असो.

आता तो पोरगा.

मी त्याला पहिल्यांदा कोर्टाच्या व्हरांड्यात बघितलं. रिमांडला आणलेले चौघं, तीन दाढीवाले बाप्ये आणि चौथा हा. अंगात थोरल्या कुणाचा तरी फुल शर्ट, बाह्या बोटांच्या खाली लोंबायल्या, आणि पायात दोन स्लीपरा, दोन्ही डाव्या पायाच्या. विहिरीवरच्या मोटारीची केबल तोडली, जाळून तांबं काढलं आणि भंगारात विकलं अशी केस, एप्रिलमधली. कागदावर वय १९. आमची ती केसच नव्हती, मॅडम दुसऱ्याच तारखेला आल्या होत्या, पण त्या स्लीपरांकडं बघून थांबल्या.

"किती वय रे तुझं?"

"एकोणीस." पाढा म्हणल्यासारखं.

"शाळा?"

"चौथी."

"चौथी सोडून किती वर्षं झाली?"

तो बोटं मोजायला लागला. सातावर आला, आठावर आला, मग माझ्याकडं बघितलं. चौथी म्हणजे नऊ-दहा वर्षांचं लेकरू. मी पण पदराआड मोजावं तशी ओढणीआड बोटं मोजली.

एकोणीस का म्हणतो ते नंतर कळालं. घर ऊसतोडीचं. मुकादम उचल (आगाऊ पैसे) देतो ती कोयत्यावर, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. बाप वारला तेव्हापासून आईसंगं हा जातो, आणि लेकरू म्हणलं की मुकादम पुरी उचल देत नाही, म्हणून पोरगा पंधराचा होता तवापासून एकोणीसच सांगतो. आधारवर पण तेच, कॅम्पात अंदाजानं वय सांगितलं, त्यांनी टाकलं ०१/०१/२००६. आधारवाल्यांचा एक जानेवारी, मास्तरांचा एक जून.

कायदा इथं एकदम स्पष्ट आहे. अठराच्या आतल्या लेकराला पोलीस लॉकअपमध्ये किंवा जेलात ठेवायचंच नाही, कलम १०. 'मी घटनेच्या वेळी लेकरू होतो' हे कोणत्याही कोर्टात, कोणत्याही टप्प्यावर म्हणता येतं, अगदी केसचा निकाल लागून गेल्यावरसुद्धा, कलम ९, आणि मग कोर्टाला चौकशी करून वय ठरवावंच लागतं. वय कशावरून ठरवायचं ते कलम ९४ मध्ये, आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचं सर्टिफिकेट, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. आधार त्या यादीत कुठंच नाही. २०२४च्या ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं पण म्हणलंय की आधार हा जन्मतारखेचा पुरावा धरायचा नाही, ती अपघाताच्या भरपाईची केस होती पण त्यात ह्याच कलम ९४ चा आधार घेतलाय (आधारच्या केसमध्ये आधार, चालायचंच).

म्हणजे शाळेचा दाखला आणला की झालं. एवढं सोपं. आणि मे महिना! शाळेला कुलूप, निम्मी कोर्टं सुट्टीवर. उन्हाळ्याच्या फेलोशिपची ही गंमत कुणी सांगत नाही, तुम्ही मोकळे असता कारण सगळंच बंद असतं.

आता माझी चूक. ही लिहायची का नाही ह्यावर आठ दिवस काढलेत.

त्याच्या आईला मी विचारलं शाळेत कोणती तारीख लावलीय, तर ती म्हणली, "एक जून आसंल की, आमच्या समद्याची तीच हाय." मी मनात धरलं एक जून २००७. आणि माझ्या डोक्यात लख्ख वीज पडली की अरे, म्हणजे एक जूनला हा अठराचा होणार, त्याच्या आत आदेश झाला नाही तर संपलंच सगळं! मी त्या माउलीला जिल्हा कोर्टाच्या लिंबाखाली उभं करून सांगितलं, मावशी, दहा-बारा दिवसच आहेत हो, एक तारखेच्या आत कागद पाहिजे. ती 'बरं बरं' म्हणत निघून गेली. मी मॅडमकडं पळत गेले. त्या जेवायल्या होत्या.

"घटना कधीची?"

"एप्रिल."

"मग जूनचं काय घेऊन बसलीस? लेकरू घटनेच्या दिवशी किती वर्षांचं होतं ते बघायचं, कोर्टात उभं राहिलं त्या दिवशी नाही. ह्यावर भांडण होऊन पाच न्यायाधीशांनी निकाल दिलाय, प्रताप सिंह विरुद्ध झारखंड, २००५. आणि आता तर कायद्याच्या व्याख्येतच लिहिलंय. वाचून येत जा गं."

मी वाचलं. रात्री खोलीवर, लाजत लाजत. पण त्या बाईला फोन नव्हता. शेजाऱ्याच्या नंबरवर तीन दिवसांनी बोलणं झालं तोवर तिनं शेळी विकली होती. तालुक्याला कुणी एजंट आहे, तो म्हणला तीन हजार दे, म्हणशील त्या तारखेचा जन्मदाखला आणून देतो. वर्षावर उशीर झालेली जन्माची नोंद वरच्या आदेशाशिवाय होत नसते, असा दाखला म्हणजे सरळ बनावट. तो कोर्टात गेला असता तर खरा कागद पण कुणी धरला नसता आणि वर आईच आत गेली असती. मॅडमनी तिला समोर बसवून शांतपणे समजावून सांगितलं. मला काहीच बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं. तीन हजार गेले ते गेलेच, मी माझ्या स्टायपेंडमधले द्यायला लागले तर तिनं घेतले नाहीत, म्हणली, "तू बी लेकरूच हायीस माय."

शाळा शोधायला अण्णा कामी आले. शाळेचं नाव सांगितलं, अर्ध्या तासात मास्तरांच्या कुठल्याशा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरून हेडमास्तरांचा नंबर आला. हेडमास्तर लातूरला, पोरीच्या नीटसाठी दोन वर्षं खोली केलेली, ४ मे ला परीक्षा झाली आणि आता खोली रिकामी करायला गेलेले. अण्णा त्यांच्याशी बोलले, मास्तर मास्तरांशी बोलतात तसं, आधी बदल्या मग पेन्शन मग काम. गुरुवारी येतो म्हणले.

त्याच फोनवर मी अण्णांना विचारलं, "अण्णा, तुम्ही कशावरून लिहीत होतात ओ हे एक जून?"

"लेकरू समोर उभं करायचो. उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागला की सहा वर्षं झाली. दात पडलेत का बघायचं. मायला विचारायचं, पोळ्याच्या आधी का मागून, भूकंपाच्या आधी का मागून." (किल्लारीचा, ३० सप्टेंबर १९९३. अण्णा तेव्हा लातूरकडंच होते.) "जूनमधी शाळा उघडती, सहा पूर्ण पाहिजेत, मग एक जून. आन् जरा कमीच लिहायचो, पुढं नोकरीला वय पुरावं म्हणून."

"किती लेकरांचं लिहिलं असंल?"

"मोजलंय का कुणी. हजार तर आसतील." मग थोडं थांबून, "काऊन, काही चुकलं का?"

मी म्हणलं नाही, सहज.

गुरुवारी, २२ मे ला, मी गेले. तुम्हाला आठवत असेल, त्या वर्षी मेमध्येच पावसानं धरलं होतं. एसटीनं तालुक्याला, तिथून काळीपिवळी, आणि शेवटचे दोन किलोमीटर काळ्या रानातून पायी, चप्पल दोन किलोची झाली ती हातात घेतली. शाळा म्हणजे दोन खोल्या आणि एक गळका व्हरांडा. हेडमास्तर आले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. खोलीची चावी त्यांच्याकडं पण कपाटाची चावी खिचडी शिजवणाऱ्या मावशीकडं, कारण कपाटातच तेलाचे पुडे ठेवतात. मावशी शेतात. तासभर गेला. कपाट उघडलं तर खालच्या कप्प्याला उधई लागलेली. मास्तरांनी वरून एकेक रजिस्टर काढलं, फुंकर मारली, मांडीवर झटकलं, आणि माझ्या पोटात गोळा.

होतं. जनरल रजिस्टर, जाड पुठ्ठ्याचं, कोपरे कुरतडलेले पण पान शाबूत. रजिस्टर नंबर, नाव, आईचं नाव, जात, जन्मस्थळ (तिथं गावाचंच नाव, आपोआप लिहिलेलं), आणि जन्मतारीख आधी आकड्यात मग अक्षरात, निळ्या शाईत: एक जून दोन हजार सात. शाळा सोडल्याचं कारण, "ऊसतोडीस गेल्याने सतत गैरहजर". त्या पानावर बावीस नावं होती. मी मोजली, चौदांची तारीख एक जून. हे पान बघून सरकारी वकील काय म्हणणार ते मला तिथंच ऐकू यायला लागलं. मास्तर म्हणले, "ह्यातलं एकबी अक्षर माझं नाही, पण कोर्टात मीच उभा राहणार ना?" मी म्हणलं हो सर. त्यांनी उतारा लिहून दिला, सही, शिक्का, शिक्क्याची शाई वाळलेली म्हणून पॅडवर दोन थेंब पाणी टाकून.

परत येताना त्याच्या आईकडं गेले. चहा टाकला तिनं, बिनदुधाचा. मी सहज विचारलं, मावशी, खरा कधी झाला ओ हा?

"फडात. सांगलीकडं होतो आमी. सकाळी मोळ्या बांधल्या आन् दुपारच्याला हा झाला. कारखाना बंद पडायला आलता, दुसऱ्या टोळ्या परत निघाल्या होत्या."

म्हणजे मार्चच्या आसपास. आणि साल? साल तिला सांगता येईना. थोरली पोरगी तेव्हा चालायला लागली होती म्हणली. मी काळीपिवळीत बसून बोटं मोजली, परत मोजली. मार्च २००८ असेल तर एप्रिल २०२५ला तो सतराचा. पण मार्च २००७ असेल तर अठराला महिना झालेला. घाम फुटला मला, एवढ्या पावसात. रात्री मॅडमना सांगितलं.

मॅडम बराच वेळ चष्मा पुसत बसल्या. "तुला साल माहितीये?" नाही. "तिला माहितीये?" नाही. "मग कुणालाच माहीत नाही. अशा वेळेला कुठं बघायचं ते कायद्यानं ठरवून दिलंय, कागद पहिला, हाडं शेवटी. आणि काठावरची केस असेल तर कल लेकराकडं द्यायचा, हे पण सुप्रीम कोर्टाचंच आहे, राजिंदर चंद्र, २००२. तू उद्या अर्जाच्या तीन प्रती काढ."

मी काढल्या. पण खरं सांगते, ते बोटं मोजणं अजून कधी कधी रात्री चालू होतं.

एक जून रविवार होता. घरी गेले. केकवर तीन नावं. अण्णांनी सुरी हातात घेतली आणि आधी विचारलं, "त्या पोराचा बी आजच ना?" आईला काही माहीत नव्हतं, ती म्हणली कोणत्या पोराचा. अण्णा म्हणले, "हाय एक." मग कापला केक.

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात हेडमास्तर रजिस्टर घेऊन कोर्टात आले, रजिस्टर खताच्या प्लास्टिक पिशवीत गुंडाळलेलं. सरकारी वकिलांनी तेच विचारलं जे मी ऐकून बसले होते, ही तारीख कशावरून लिहिली, पानावर चौदा जणांची एकच कशी. मास्तर म्हणले पालकांनी सांगितल्यावरून लिहितात साहेब, माझी पण एक जूनच आहे. कोर्टात हशा. साहेब पण हसले, मला वाटतं त्यांची पण असावी. दोन दिवसांनी आदेश, घटनेच्या दिवशी बालक होता, प्रकरण बाल न्याय मंडळाकडं. जेलमध्ये त्याचे एकूण पन्नासच्या वर दिवस गेले होते, ते दिवस कुठल्याच आदेशात परत येत नाहीत.

मंडळाचं वातावरण वेगळं असतं. मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजकार्यातले सदस्य, टेबल साधं, पोलीस साध्या कपड्यात. कलम १२ खाली जामीन झाला, आईनं बंधपत्रावर अंगठा दिला. चोरीला लई तर तीन वर्षं शिक्षा, म्हणजे कायद्याच्या भाषेत किरकोळ अपराध, चौकशी चार महिन्यांत संपवायची, दोनची मुदतवाढ, आणि तेवढ्यात पण संपली नाही तर प्रकरणच बंद. पुढं काय झालं ते सांगत नाही, कलम ७४.

बसस्टँडवर मी दोघांना सोडायला गेले. त्याला मॅडमनी नवीन चप्पल घेऊन दिली होती, तो सारखा खाली बघत होता. गाडी लागली तसा म्हणला, "मॅडम, आता कुणी वय इचारलं तर किती सांगू?"

मी म्हणलं, "तारीख सांग. एक जून दोन हजार सात. वय त्यांना मोजू दे."

कंडक्टर आला. आईनं लुगड्याच्या गाठीतून पैसे काढले, "एक बाईचं हाफ, आन् एक ह्या लेकराचं."

कंडक्टरनं त्याला खालून वरपर्यंत बघितलं. "हे लेकरू? फुल लागंल की बाई."